थोडे बोला, नेमके बोला: आवाजाने संगणक चालवायचा तर

पीकविम्याची मुदत जवळ आली की परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात आणि की-बोर्डवरची बोटे रात्रीपर्यंत थांबत नाहीत. असे दोन-चार हंगाम गेले की मनगटातून कळा निघू लागतात. कुणाचा हात मळणी यंत्रात सापडलेला असतो, कुणाला लहानपणी पोलिओ झालेला असतो, कुणा निवृत्त गुरुजींची बोटे संधिवाताने वाकलेली असतात. या सगळ्यांना संगणकाचे काम सोडायचे नाही. तो हाताने चालवणे मात्र जड जाते किंवा जमतच नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्या घरच्या पोरापोरींसाठी हा लेख आहे.

मोबाइलवर बोलून मराठी टाइप करणे आता सवयीचे झाले आहे. गूगलने 2017 मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी ही सोय दिली. पण तिचा आवाका मजकुरापुरता. खिडकी बंद करणे, फाइल उघडणे, पान सरकवणे, एका रकान्यातून दुसऱ्यात जाणे, नेमक्या बटणावर क्लिक करणे ही डेस्कटॉपवरची कामे तिच्याने होत नाहीत. शिवाय अशा सेवांना बहुधा इंटरनेट लागते आणि आपला आवाज कंपनीच्या सर्व्हरवर जातो. ओपन सोर्स साधनांनी, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा प्रोग्रामांनी, या दोन्ही अडचणी सुटतात. ती फुकट आहेत, आपल्याच संगणकावर चालतात आणि नेट गेले तरी बंद पडत नाहीत.

या वाटेवर बहुतेक लोक एकाच ठिकाणी अडतात. संगणकाने आपले सगळे बोलणे समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवून ते सुरुवात करतात आणि चार दिवसांत कंटाळून हेडफोन खुंटीला टांगतात. म्हणून पहिले सांगणे हे, की आज्ञा आणि मजकूर यांची व्यवस्था वेगवेगळी ठेवा. संगणक चालवायला तीस-चाळीस ठरलेल्या आज्ञा पुरतात. तेवढ्या ओळखणे जुन्या, साध्या संगणकालाही सोपे जाते. सलग मराठी मजकूर सांगून लिहून घेणे हे निराळे, जड काम आहे आणि त्याची साधनेही निराळी आहेत.

मोजक्या शब्दांचे बळ

ठरलेल्या मोजक्या शब्दांवर यंत्र चालवणे आपल्याकडे पूर्वीही करून पाहिलेले आहे. 2010 नंतरच्या काही वर्षांत केंद्र सरकारच्या मदतीने फोनवरून शेतमालाचे भाव सांगणारी यंत्रणा सहा भारतीय भाषांत उभारण्याचा प्रकल्प झाला. मराठीचे काम मुंबईच्या आयआयटीतील आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी केले. त्यासाठी महाराष्ट्रातल्या हजारावर शेतकऱ्यांचे आवाज मोबाइल फोनवरून गोळा केले गेले. शेतकऱ्याने फोन करायचा, यंत्र विचारेल तसे जिल्ह्याचे आणि मालाचे नाव सांगायचे आणि मोंढ्यातला भाव ऐकायचा. मागे गाडी वाजतेय, वारा सुटलाय, बोलणाऱ्याची बोली पुस्तकी नाही, अशा स्थितीतही ते काम आटोक्यात राहिले याचे मोठे कारण म्हणजे प्रश्न ठरलेले होते आणि उत्तरांची यादीही ठरलेली होती. ‘सोयाबीन’, ‘तूर’, ‘कापूस’ यांतून एक निवडणे आणि माणसाचे कुठलेही वाक्य उतरवून घेणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

परदेशातही ओपन सोर्सवाले याच वाटेने गेले. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीच्या केडीई परिवारात ‘सायमन’ नावाचा प्रोग्राम ऑस्ट्रियात तयार झाला. शारीरिक अपंगत्व असलेल्यांना बोलून संगणक चालवता यावा हाच त्याचा उद्देश होता. त्यात प्रत्येक कामासाठी वेगळा छोटा संच असे: ब्राउझर चालवण्याचा एक, खिडक्या हलवण्याचा दुसरा. सायमनचे काम पुढे मंदावले, पण त्याची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

आधी माइक, मग सॉफ्टवेअर

महागड्या संगणकाची गरज नाही. चार जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप आज्ञांसाठी पुरतो. खर्च करायचाच असेल तर माइकवर करा. लॅपटॉपमधला माइक पंखा, कुलर, रस्त्यावरचा भोंगा आणि शेजारच्या गप्पा सगळेच सारख्या मायेने ऐकतो. त्याऐवजी यूएसबीचा हेडसेट घ्या. त्याचा माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कडेला दोन बोटे अंतरावर ठेवा, म्हणजे श्वासाचा फुत्कार त्यात जाणार नाही.

परभणीच्या एप्रिल-मेमध्ये कुलर बंद करून बसा असे कुणाला सांगणे शक्य नाही. कुलरची हवा माइकवर थेट येणार नाही अशी खुर्ची फिरवली तरी बराच फरक पडतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये इनपुटची पट्टी पाहा. गप्प असताना ती जवळजवळ खाली पडलेली हवी, नेहमीच्या आवाजात बोलताना मध्यापर्यंत जायला हवी आणि टोकाला कधीच टेकायला नको. पट्टी गप्प असतानाही नाचत असेल तर कुठलेही सॉफ्टवेअर बसवून उपयोग नाही. आधी तो आवाज शोधा.

स्पीकर बंद ठेवा आणि हेडफोनवर ऐका. दृष्टिहीन वापरकर्त्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे, कारण एनव्हीडीए किंवा ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम बोलू लागला की माइक त्याचेच शब्द आज्ञा समजून पाळू लागतो.

ओळखणारा आणि दाबणारा

सगळ्या व्यवस्थेचे दोन भाग असतात. एक भाग आवाज ऐकून शब्द ओळखतो. दुसरा भाग तो शब्द मिळाला की ठरलेले बटण दाबतो किंवा माउस हलवतो. हे दोन भाग वेगळे आहेत हे ध्यानात आले की बिघाड शोधणे सोपे जाते. शब्द पडद्यावर बरोबर उमटला पण काही घडले नाही, तर दोष दाबणाऱ्यात. शब्दच चुकीचा उमटला, तर दोष ओळखणाऱ्यात किंवा माइकमध्ये.

ओळखण्यासाठी आज ‘वोस्क’ हे साधन सर्वांत सोयीचे आहे. ते लिनक्स, विंडोज, अँड्रॉइडवर आणि रास्पबेरी पायसारख्या खिशातल्या संगणकावरही चालते. त्याची छोटी मॉडेले (भाषा ओळखायला शिकवलेल्या फाइली) पन्नास एमबीच्या आसपास असतात आणि चालताना सुमारे तीनशे एमबी मेमरी घेतात. मोठ्या मॉडेलांच्या नादी लागू नका. त्यांना भरपूर मेमरी लागते आणि आज्ञांसाठी त्यांचा फायदाही नाही. छोट्या मॉडेलाचा खरा गुण असा, की त्याला ‘एवढेच शब्द ऐक’ अशी यादी देता येते. यादी दिली की ते बाकीची भाषा विसरून त्या तीस-चाळीस शब्दांतच शोधते. यादीच्या शेवटी ‘अनोळखी’ अशी खूण ठेवण्याची सोय आहे, तीही जरूर वापरा. ती नसेल तर खोकल्यालासुद्धा यादीतला कुठला तरी शब्द चिकटवला जातो.

वोस्कमध्ये हिंदी, गुजराती आणि भारतीय उच्चारांच्या इंग्रजीची छोटी मॉडेले तयार मिळतात. मराठी माणसाने आज्ञांसाठी हिंदी किंवा भारतीय इंग्रजी यांपैकी एक निवडावे. दोन्हींची सरमिसळ नको, कारण प्रत्येक मॉडेल फक्त स्वतःच्या शब्दसंग्रहातले शब्द ओळखते.

बटणे दाबण्यासाठी लिनक्सवर ‘एक्सडूटूल’ आहे. ‘कंट्रोल-एस दाब’, ‘माउस अमुक जागी ने आणि क्लिक कर’ अशा सूचना ते पाळते. मात्र ते जुन्या एक्स-इलेव्हन पद्धतीच्या पडद्यावर चालते. नव्या वेलँड पद्धतीत ते निरुपयोगी ठरते आणि तिथे ‘वायडूटूल’ किंवा ‘डूटूल’ लागते, ज्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. नवख्याने या भानगडीत न पडता लिनक्स मिंट बसवावे. त्यात नेहमीचा पडदा एक्स-इलेव्हनचाच असतो आणि ते जुन्या संगणकावरही बरे चालते.

हे दोन्ही भाग जोडून दिलेले प्रोग्रामही आहेत. ‘न्यूमेन’ हा वोस्कवर उभा असलेला प्रोग्राम हात न लावता पूर्ण संगणक चालवण्यासाठीच बनवला आहे. त्यात एका साध्या फाइलीत शब्द आणि त्यापुढे कृती लिहायची असते. ‘नर्ड डिक्टेशन’ हा दुसरा, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एकाच फाइलीचा प्रोग्राम. त्याला एका बटणाने सुरू आणि दुसऱ्याने बंद करता येते आणि ओळखलेल्या मजकुरावर आपले नियम लावता येतात.

सेवा केंद्रांना बहुधा विंडोजच ठेवावे लागते, कारण डिजिटल सहीची आणि स्कॅनरची साधने तिथे जमलेली असतात. तिथे वोस्क पायथनमधून चालवून ‘पायऑटोगुई’ किंवा ‘ऑटोहॉटकी’ने बटणे दाबता येतात. ‘ड्रॅगनफ्लाय’ हे पायथनचे साधन आज्ञांची व्याकरणे बांधण्यासाठीच आहे. विंडोजवरची एक खोच आधीच माहीत असू द्या: एखादा प्रोग्राम प्रशासक म्हणून उघडलेला असेल, तर साध्या हक्काने चालणाऱ्या आपल्या प्रोग्रामने दाबलेली बटणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

पायथन येत नसेल तर घाबरू नका. वोस्कसोबत माइकची चाचणी घेणारा नमुना प्रोग्राम मिळतो. त्यात शब्दांची यादी आणि कृती जोडणे हे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे एका बैठकीचे काम आहे. परभणीत, सेलूत, गंगाखेडात महाविद्यालये आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय हवाच असतो.

आज्ञांची यादी कशी करावी

खरी मेहनत इथे आहे आणि ती वापरणाऱ्यानेच करायची आहे. आधी वही घ्या आणि एक दिवस आपण कोणती बटणे दाबतो ते लिहून काढा. बहुतेकांची यादी अशी निघते: जतन, नक्कल, चिकटव, मागे घे, पुढचा रकाना, मागचा रकाना, पान वर, पान खाली, खिडकी बदल, खिडकी बंद, छपाई, चार दिशांचे बाण, एंटर, एस्केप आणि आकडे. एवढ्याने सुरू करा. ही कामांची नावे झाली, बोलायचे शब्द निवडलेल्या मॉडेलप्रमाणे ठरवायचे.

हिंदी मॉडेल घेतले असेल तर आज्ञा अशा निवडा, की त्या मराठी तोंडाला सोप्या असतील आणि हिंदीच्या शब्दसंग्रहातही असतील. ‘बंद’, ‘चालू’, ‘नकल’, ‘पूर्व’, ‘पश्चिम’, ‘उत्तर’, ‘दक्षिण’ हे शब्द दोन्हीकडचे आहेत. बाणांच्या बटणांना दिशांची नावे द्या. सातबाऱ्यावरून चतुःसीमा लिहिणाऱ्याला त्या वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. ज्या शब्दांत ‘ळ’ आहे ते टाळा, हिंदी मॉडेलला ते मिळणार नाहीत. शब्दाचे लेखनही मॉडेलमध्ये आहे तसेच हवे. आपण ‘खिडकी’ लिहितो, हिंदीत ‘ड’खाली टिंब असते. टिंब विसरलात तर उच्चार कितीही स्वच्छ केला तरी शब्द सापडत नाही. प्रोग्राम सुरू होताना वोस्क ‘हा शब्द शब्दसंग्रहात नाही’ अशा इशाऱ्याच्या ओळी दाखवते. त्या नजरेखालून घाला, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

दुसरा पर्याय भारतीय इंग्रजीचा. एमएस-सीआयटी केलेल्या माणसाच्या तोंडात सेव्ह, कॉपी, पेस्ट, टॅब, प्रिंट हे शब्द बसलेलेच असतात. त्याने हेच मॉडेल घ्यावे. घरात दखनी किंवा हिंदी बोलणाऱ्याला हिंदी मॉडेल जवळचे वाटेल.

यादी करताना चार नियम पाळा.

एक, फार आखूड शब्द नको. ‘वर’, ‘जा’, ‘हो’ हे शब्द कुठल्याही आवाजात सापडतात. दोन शब्दांची आज्ञा सर्वांत भरवशाची: ‘फाइल बंद’, ‘काम चालू’.

दोन, एकमेकांसारखे ऐकू येणारे शब्द यादीत एकत्र नको. ‘बंद’ आणि ‘बंध’, ‘कॉपी’ आणि ‘कॉफी’ अशा जोड्या मोडून काढा.

तीन, रोजच्या बोलण्यात सारखे येणारे शब्द आज्ञा म्हणून एकटे ठेवू नका. समोरच्या गिऱ्हाइकाला ‘बंद करा’ म्हटले आणि अर्ज बंद झाला, असे व्हायला नको.

चार, ‘मागे घे’ ही आज्ञा सर्वांत आधी जोडा आणि ती सर्वांत नीट ओळखली जाते याची खात्री करा. तिच्या भरवशावरच बाकीचे धाडस करता येते.

यानंतर ऐकणे थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची आज्ञा ठेवा. ‘काम बंद’ म्हटले की प्रोग्रामने बाकी सगळे शब्द सोडून द्यायचे आणि फक्त ‘काम चालू’ची वाट पाहायची. फोन आला, कुणी दारात आले, चहा आला, की आधी ‘काम बंद’. ही सवय लागली नाही तर पहिल्याच दिवशी गोंधळ उडेल.

माउसची अडचण

बटणे बोलून दाबणे सोपे. पडद्यावर नेमक्या जागी पोहोचणे अवघड. ‘थोडे डावीकडे, अजून थोडे’ करत बसलात तर चिडचिड होईल. यावर जाळीचा उपाय आहे. पडद्यावर तीन बाय तीन अशी नऊ चौकटींची जाळी उमटते. आपण चौकटीचा आकडा बोलायचा. त्या चौकटीत पुन्हा नऊ चौकटी होतात. पुन्हा आकडा.

साध्या लॅपटॉपचा पडदा 1366 बाय 768 ठिपक्यांचा असतो. पहिल्या आकड्यानंतर चौकट साधारण 455 बाय 256 ठिपक्यांची उरते, दुसऱ्यानंतर 152 बाय 85, तिसऱ्यानंतर 51 बाय 28. बहुतेक बटणे याहून फार लहान नसतात. म्हणजे तीन आकडे आणि ‘क्लिक’, एवढ्यात पडद्यावरची जवळजवळ कुठलीही जागा हाती येते. लिनक्सवर ‘कीनॅव्ह’ नावाचा प्रोग्राम की-बोर्डच्या बटणांनी हे करू शकतो, आपल्या आज्ञांनी ती बटणे दाबायची एवढेच. हाही एक्स-इलेव्हनच्या पडद्यावरच चालतो.

ब्राउझरमध्ये तर जाळीचीही गरज नाही. ‘व्हिमियम’ हे ओपन सोर्स एक्स्टेन्शन बसवले की एक बटण दाबताच पानावरच्या प्रत्येक दुव्यावर एक-दोन अक्षरांची चिठ्ठी दिसते. ती अक्षरे दाबली की दुवा उघडतो. अक्षरे बोलताना ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ यांची गल्लत होते, म्हणून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरवा आणि भिंतीवर तक्ता लावा. व्हिमियमच्या सेटिंगमध्ये चिठ्ठ्यांसाठी कोणती अक्षरे वापरायची हे ठरवता येते. नऊ-दहाच अक्षरे ठेवली तर तेवढेच शब्द पाठ करावे लागतील. आणि अर्ज भरताना माउस शक्यतो विसराच. ‘पुढचा रकाना’ म्हणजे टॅब, ‘मागचा रकाना’ म्हणजे शिफ्ट-टॅब, एवढ्यावर बहुतेक सरकारी अर्ज शेवटपर्यंत भरता येतात.

मराठी मजकूर सांगायचा तर

आता दुसरे काम: पत्र, बातमी, अर्जाचा मजकूर. इथे ओपनएआयने सप्टेंबर 2022 मध्ये खुले केलेले ‘व्हिस्पर’ उपयोगी पडते. त्याला मराठी येते आणि ‘व्हिस्पर डॉट सीपीपी’ या रूपात ते इंटरनेटशिवाय, महागड्या ग्राफिक कार्डाशिवाय चालते. त्याचे ‘स्मॉल’ मॉडेल 466 एमबीचे आहे, ‘मीडियम’ दीड जीबीचे. मॉडेल जितके मोठे तितके मराठी बरे आणि वेळ जास्त. ज्यांना फाइली-कमांडांत शिरायचे नाही त्यांनी लिनक्सवर ‘स्पीच नोट’ बसवावे. खिडकी, बटण, मजकूर असा सरळ मामला आहे आणि आतून ते वोस्क व व्हिस्पर दोन्ही वापरू शकते.

व्हिस्परला आज्ञांच्या कामाला मात्र लावू नका. ते आवाज तीस सेकंदांच्या तुकड्यांत तपासते. तुम्ही ‘बंद’ एवढेच म्हटले तरी ते तीस सेकंदांच्या तुकड्याएवढी मेहनत करते, आणि जुन्या संगणकावर तेवढ्यात तुमचा धीर सुटतो.

मजकूर घेताना पुढील गोष्टी सांभाळा. भाषा आपोआप ओळखू देऊ नका, ‘मराठी’ असे ठरवून द्या, नाहीतर दोन शब्दांच्या वाक्याला ते हिंदी समजून बसते. बटण दाबून बोला आणि संपले की थांबवा. उघडा माइक तसाच ठेवला तर व्हिस्पर शांततेतही न बोललेली वाक्ये लिहून टाकते. वाक्य मनात जुळवून मग सलग बोला. शब्द-शब्द तोडून बोलल्याने ओळख सुधारत नाही, बिघडते.

गावांची आणि माणसांची नावे हा कायमचा खड्डा आहे. व्हिस्परला सुरुवातीला एक छोटा मजकूर देता येतो, त्यातली नावे ते लक्षात ठेवून ऐकते. तिथे ‘परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर, पूर्णा’ अशी ओळ लिहा, म्हणजे ती नावे नीट येण्याची शक्यता वाढते. या मजकुराला 224 टोकनांची (टोकन म्हणजे मॉडेल वाचते तो शब्दाचा तुकडा) मर्यादा आहे आणि देवनागरी अक्षरे टोकने फार खातात. त्यामुळे पंधरा-वीस नावांवर जाऊ नका, त्या दिवशीच्या कामाची तेवढीच नावे द्या.

‘मी अर्ज करूलालो’ असे मराठवाडी बोलणे या मॉडेलांनी फारसे ऐकलेले नाही. ते त्याचे प्रमाण मराठी करतील किंवा भलतेच काही लिहितील. मजकूर सांगताना पुस्तकी वाक्य बोलणे हा तूर्त व्यवहारी मार्ग. मराठीसाठी जास्त चांगली मॉडेलेही आता खुली आहेत. मद्रास आयआयटीतील ‘एआय फॉर भारत’ या गटाने 22 भारतीय भाषांसाठी ‘इंडिक कन्फॉर्मर’ मॉडेले दिली आहेत. ती बसवायला जाणकार हात लागतो. तो मिळाला तर व्हिस्परच्या आधी तीच करून पाहावीत.

काय बोलू नये

संगणक आपल्या ताब्यात असला तरी आवाज चारचौघांत जातो. पासवर्ड, ओटीपी, बँकेचा पिन कधीही बोलून टाकू नका. सेवा केंद्रात रांग उभी असताना गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक मोठ्याने म्हणू नका, तो हातानेच भरा किंवा त्यालाच भरू द्या. नावे आणि पत्ते यांनाही हेच लागू.

पुसणे, अर्ज सादर करणे, पैसे भरणे, संगणक बंद करणे या कृती एका शब्दावर ठेवू नका. आधी आज्ञा, मग ‘होय नक्की’ अशी वेगळी खात्री, असे दोन टप्पे करा. नव्या यादीची चाचणी कोऱ्या फाइलीवर घ्या, चालू अर्जावर नको.

घशाचीही काळजी घ्या. मनगट वाचवायला गेलो आणि आवाज बसवून घेतला असे होऊ नये. संगणकाला ओरडून जास्त कळत नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो तेवढ्याच आवाजात बोला, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि जे काम हाताने सहज होते ते हातानेच करा. पूर्ण दिवस आवाजावर काढण्याची सक्ती कुणाचीच नाही. पायाने दाबायचे यूएसबी पेडल, मोठ्या चेंडूचा माउस आणि आवाज यांची सांगड घातली तर बरेच जण जास्त वेळ काम करू शकतात.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात फक्त माइक आणि पाच आज्ञा: काम चालू, काम बंद, मागे घे, पान खाली, पान वर. या पाच वीसपैकी एकोणीस वेळा बरोबर येईपर्यंत सहावी जोडू नका. दुसऱ्या आठवड्यात रकाने आणि दिशा. तिसऱ्यात जाळी आणि आकडे. चौथ्यात व्हिस्परने एक पत्र. एखादा शब्द पुन्हा पुन्हा चुकत असेल तर उच्चार बदलत बसू नका, शब्दच बदला. यादी तुमची आहे, दहा वेळा बदलली तरी कुणी विचारणार नाही. महिन्याच्या शेवटी जी आज्ञा एकदाही वापरली नाही ती काढून टाका. यादी जितकी आटोपशीर तितकी ओळख पक्की.

आपला आवाजही द्या

हिंदी मॉडेलच्या आधाराने आज्ञा चालवणे ही तडजोड आहे. ती कायमची राहू नये असे वाटत असेल तर उपाय आपल्या हातात आहे. आवाज ओळखणारी मॉडेले आवाजांवरच शिकतात, आणि ज्या भागाचे आवाज त्यांत कमी, त्या भागाची बोली त्यांना परकी राहते. 2024 मध्ये जाहीर झालेल्या ‘इंडिक व्हॉइसेस’ या संग्रहात 145 जिल्ह्यांतल्या 16,237 जणांचे 7,348 तासांचे बोलणे आहे, पण ते 22 भाषांत वाटलेले आहे. साधी माणसे हे काम चांगले करू शकतात का, याचाही अभ्यास मराठीतच झाला आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण व शहरी भागातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांकडून आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, मिळून 36 जणांकडून, 109 तासांचे मराठी बोलणे गोळा केले गेले. कमी उत्पन्नाच्या लोकांनी दिलेला आवाज विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला.

मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात मराठी आहे. तिथे पडद्यावरची वाक्ये मोबाइलवरून वाचून द्यायची, दुसऱ्यांनी वाचलेली ऐकून बरोबर-चूक ठरवायचे. हा संग्रह कुणालाही विनाशुल्क वापरता येतो. आपल्या उच्चाराबद्दल लिहिण्याची तिथे सोय आहे, तिथे मराठवाड्याचा, परभणीचा उल्लेख जरूर करा. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ने चालवलेल्या ‘भाषादान’मध्येही ‘बोलो इंडिया’ या नावाने वाक्ये वाचून देता येतात.

कृषी विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटांनी, वाचनालयांनी आणि बचत गटांनी हे काम हाती घ्यावे. घरातल्या आजीला मोबाइल धरून दहा वाक्ये वाचायला सांगा, तिचा आवाज अशा संग्रहांना सर्वांत कमी मिळालेला असतो. आणि ज्याला हातांनी काम जड जाते असा माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर येत्या रविवारी त्याच्याकडे हेडसेट घेऊन जा आणि पहिल्या पाच आज्ञा त्याच्या संगणकावर बसवून द्या.